लटारूभाऊचा गेलेला माईक

शहरातल्या एका संस्थेचा फॉर्म आमच्या ग्रामपंचायतीत आला होता. त्यात विचारलं होतं, "आपले आवडते ॲप कोणते? संवादासाठी, कामासाठी, करमणुकीसाठी." मी इथला संगणक परिचालक, त्यामुळे घरोघर फिरून तो भरायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आज त्या फॉर्मची आठवण झाली तरी माझं डोकं सणकतं. संस्थेचा राग येतो, गावाचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो.

लटारूभाऊच्या घरी गेलो तेव्हा तो अंगणात खाटेवर पडून झाडीपट्टीचं नाटक बघत होता. फोन छातीवर, आवाज पूर्ण मोठा, आणि खलनायकाला चालू शिव्या. साठीला आलेला माणूस. चाळीस वर्षं त्याने गावची ढोरं जंगलात चारली. शाळेत एक दिवस गेला, तोही खिचडीसाठी नव्हे, बैल आत शिरला म्हणून. ही त्याचीच थट्टा, तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा. फोन जावयाने वापरून टाकलेला. वाचता येत नाही, म्हणून ॲप रंगावरून ओळखायचा. लाल म्हणजे नाटक, हिरवं म्हणजे बोलणं. कामाचं ॲप कोणतं म्हणून विचारलं, तर त्याने मला त्याचा अलार्म ऐकवला. स्वतःच्याच आवाजात भरून ठेवलेला: "ऊठ बे लटाऱ्या, बाया वाट पाहून राह्यल्या!"

बाया खरंच वाट पाहायच्या. चिमूर तालुक्यातलं आमचं पिंपळबोडी तीन बाजूंनी जंगलाला लागलेलं आहे, आणि वाघ आमच्याकडे बातमीत नाही, बांधावर असतो. लटारूभाऊ रोज पहाटे बोडीच्या पाळीवरून, म्हणजे आमच्या तळ्याच्या बांधावरून, एक चक्कर मारायचा. चिखलातले पंजे बघायचा, माकडांचं ओरडणं ऐकायचा आणि परत येता येता 'वाघ खबर' या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून टाकायचा. ग्रुप मीच तीन वर्षांपूर्वी काढला होता आणि भाऊलाही ॲडमिन केलं होतं. "ऐका व बायांनो. रातच्याले तो पाळीवरून गेला, जोडमोहाच्या अंगानं. आज तिकडं कोनी जाऊ नोका. शाळेमागचा रस्ता मोकळा हाये." बस, एवढंच. वाघाचं नाव घ्यायचा नाही, 'तो' म्हणायचा. काही नसलं तरी बोलायचा, "आज काई नाई, जा." मोहाच्या दिवसांत तर त्याचा आवाज आल्याशिवाय एकही टोपली घराबाहेर पडत नसे. बाया एकमेकींना विचारायच्या, "लटारूभाऊ बोलला का?"

जोडमोह, वाकडा मोह, कोपऱ्याचा मोह, भुताची खारी. जंगलातल्या प्रत्येक जागेला आमच्याकडे नाव आहे आणि प्रत्येक मोहाच्या झाडाखाली कोणत्या घराने फुलं वेचायची हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं आहे. त्यामुळे भाऊने झाडाचं नाव घेतलं की कोणत्या बाईने घरी थांबायचं हे सगळ्या गावाला कळायचं.

फॉर्म भरून झाले आणि महिन्याभरात संस्थेचे अश्विन सर आले. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं, हातात लॅपटॉप. त्यांनी ग्रुप पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. खरं सांगायचं तर ग्रुपची दशा झालीच होती. गुलाबाची फुलं, शुभ सकाळ, वाढदिवसाचे केक, कुठल्या तरी परराज्यातल्या वाघाचे जुने व्हिडिओ. भाऊ रोज ओरडायचा, "फुलं टाकू नोका बे, खबर हरवते!" आणि त्या ओरडण्याखाली लोक हात जोडल्याची चित्रं टाकायचे. आमच्या लोकांना अक्कल यायला आणखी किती माणसं जावी लागतील, देव जाणे.

अश्विन सर म्हणाले, "अशी तोंडी माहिती धोकादायक असते. आपण नवं ॲप आणलंय. नोंद ॲपमध्ये होईल, वर तपासली जाईल, मग अधिकृत सूचना ग्रुपवर येईल. ग्रुपवर फक्त ॲडमिन बोलतील. तू आणि मी."

"आणि लटारूभाऊ?"

"त्यांना टाइप करता येत नाही ना? ते ॲपमध्ये फोटो काढतील. बाकी सगळं आपोआप."

मला टी-शर्ट दिला, प्रमाणपत्र दिलं, 'डिजिटल मित्र' म्हणून माझा फोटो काढला. मी फुगलो. तिथेच खुर्चीत बसून याच अंगठ्याने भाऊचं ॲडमिनपद काढलं आणि ग्रुप बाकीच्यांना बोलण्यासाठी बंद केला. बोलायचं माईकचं चिन्ह सगळ्यांच्या फोनमधून नाहीसं झालं. मग मी गावात सांगत फिरलो, "आता रोज वाट पाहायची गरज नाई. धोका असला तरच मेसेज येईल. मेसेज नाई म्हंजे रस्ता मोकळा."

हे वाक्य माझं आहे. अश्विन सरांचं नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ पंचायतीत आला. फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"निकेश, माया माईक गेला गा. पाह्य बरं काय झालं."

त्याच्या फोनवर लिहून आलं होतं की इथे फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. त्याला ते वाचता येत नव्हतं. आणि मला, थू माझ्या तोंडावर, त्याला सांगायची लाज वाटली. चाळीस वर्षं जंगल वाचणाऱ्या माणसाला "तुझी गरज नाही" कसं सांगायचं? मी म्हणालो, "भाऊ, नेटवर्कचा प्रॉब्लेम हाये. येईल." आठवड्याने तो पुन्हा आला. मी म्हणालो, "फोन जुना झाला तुमचा." त्याने मान हलवली, फोन धोतराच्या सोग्याने पुसला आणि गेला.

एप्रिलची पहिली तारीख होती. मोह असा पडत होता की झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. माझी बायको पुनम आणि चार बाया जोडमोहाखाली वेचत होत्या. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर, जंगलाच्या कडेला, कोपऱ्याच्या मोहाखाली इतवारीबाई एकटीच होती. सत्तरीची, कानाने अधू. तिची सून रीना पुनमसोबत होती.

भाऊने बोडीच्या पाळीवर ताजे पंजे पाहिले. कडेने अजून पाणी झिरपत होतं, म्हणजे तो नुकताच गेला होता, आणि गेला होता मोहांकडे. भाऊने फोन काढला, हिरवं दाबलं, माईक शोधला. नव्हता. मला फोन लावला. माझा फोन चार्जिंगला, आवाज बंद करून, आणि मी झोपलेला. मग त्याने नव्या ॲपमध्ये पंजाचा फोटो काढला, शिकवलं होतं तसं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. तेव्हा त्याने फोन खिशात कोंबला आणि धावत सुटला.

पुनम सांगते, तो आला तेव्हा त्याच्या तोंडातून आवाजच निघत नव्हता, नुसता श्वास. हाताने ढकलत त्याने पाचही जणींना शेताच्या बाजूला काढलं. मग कोपऱ्याच्या मोहाकडे वळून त्याने बोंब मारली, एकीचा जेवणाचा डबा बडवला, बायांनीही हाका मारल्या. सगळे मिळून तिथे गेले, तर इतवारीबाईची टोपली आडवी पडली होती. फुलं सांडली होती, आणि ओढत नेल्याची रेघ झुडपात गेली होती.

तिथे उभं असतानाच पुनमचा फोन वाजला. अधिकृत सूचना. तिने ती मोठ्याने वाचली: "कक्ष क्रमांक २१४ मध्ये वन्यप्राण्याची हालचाल आढळली आहे. नागरिकांनी सतर्क राहावे."

"२१४ म्हंजे कुठी व?" रीनाने विचारलं.

त्या सहा माणसांत एकालाही माहीत नव्हतं. तो आकडा वनखात्याच्या कागदावरचा आहे. त्याच जागेवर ते उभे होते.

इतवारीबाई गेली त्याच्या चौथ्या दिवशी पंचायतीत बैठक झाली. अश्विन सरांनी लॅपटॉप उघडला. नोंद पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी, सूचना सहा एकोणचाळीसला. "वर तपासणीला वेळ लागतोच," ते म्हणाले, "पण यंत्रणेने काम केलं. गावकऱ्यांनी सतर्कता पाळली नाही." मला वाटलं लॅपटॉप उचलून त्यांच्या डोक्यात घालावा. एक्कावन्न मिनिटं! भाऊचा आवाज एक्कावन्न सेकंदांत गावभर पोहोचायचा. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "निकेश, सूचना मिळाली होती ना?"

मी म्हणालो, "हो सर. मिळाली होती."

लटारूभाऊ दाराशी भिंतीला टेकून बसला होता. तो उठला. "साहेब, माया माईक चालू असता तं मी पाळीवरूनच बोललो असतो. तो खराब झाला होता."

अश्विन सर चकित झाले. "खराब? नाही हो, ग्रुपच बंद केलाय. तुम्हाला ॲडमिनवरून काढलंय. निकेशने सांगितलं नाही का?"

भाऊने माझ्याकडे पाहिलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी पायावर डोकं ठेवलं असतं.

"मी चिमूरले जाऊन आलो बाबू," तो म्हणाला. "दोनदा. दुकानवाल्यानं फोन खोलून पाह्यला. म्हने, काईच खराब नाई काका, चांगला हाये. मी त्याले खोटा म्हनलो. म्हनलो, आमचा निकेश शिकलेला हाये, तो सांगते खराब हाये म्हनून."

एवढं बोलून तो बाहेर गेला. मी त्याच संध्याकाळी ग्रुप सगळ्यांसाठी उघडला, त्याला पुन्हा ॲडमिन केलं, अश्विन सरांना काढलं. त्यांनी दिलेला टी-शर्ट पंचायतीची फरशी पुसायला टाकला. फुलं टाकणाऱ्या अकरा जणांना ग्रुपमधून हाकललं, त्यात माझा सख्खा काका होता. मग भाऊकडे जाऊन सांगितलं, माईक आला आहे. आशाबाई, त्याची बायको, दारात आली. "ते निजले हायेत," म्हणाली. आत नाटकाचा आवाज येत होता.

दोन महिने झाले. त्या ग्रुपवर त्याने एक शब्द टाकलेला नाही. तो आता रोज पहाटे पाळीवरून येतो आणि नव्वद घरांच्या दारात स्वतः जाऊन उभा राहतो. त्या दिवशी धावल्यापासून त्याचा गुडघा सुजलाय, काठी टेकत येतो. मी दोनदा म्हणालो, भाऊ, मी मोटरसायकलवर फिरवतो. ऐकूच आलं नाही असं दाखवतो.

आमच्या दाराशीही तो थांबतो. मी पायरीवर बसलेला असतो, त्याच्या काठीपासून हातभर अंतरावर. तो माझ्या डोक्यावरून आत पाहतो आणि हाक मारतो, "पुनमबाई, आज काई नाई. जा."