गाडीच्या आतला दिवा

रिहे खोऱ्यातला तो अपघात मला अजून विसरता येत नाही. खरं तर त्याला अपघात म्हणायला माझं मन कधीच तयार झालं नाही, पण कागदावर शेवटपर्यंत तोच शब्द राहिला.

मी तेव्हा मुळशी तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. दिवेलागणीच्या सुमाराला फोन आला, रिह्याच्या रस्त्यावर गाडीनं एकाला उडवलंय. आम्ही पोहोचलो तेव्हा एक तरुण रस्त्याकडेच्या भातखाचरात पडलेला होता. जीव आधीच गेला होता. मुलगा परभणीकडचा. हिंजवडीत एका ऑफिसात नोकरी आणि जवळच्या नांदे गावात भाड्याची खोली. सुट्टी म्हणून दुचाकीवर फिरायला आला होता. दुचाकी पंक्चर झाली, ती कडेला लावून तो पायी गावाकडे निघाला होता.

मोठी काळी गाडी जागेवरच होती. तिच्याशेजारी चाळिशीतला एक माणूस हात जोडून उभा होता. "साहेब, मीच चालवत होतो," तो म्हणाला. हा जालन्याकडचा, गाडीमालकाकडे ड्रायव्हर. मालक नांद्याचा मोठा शेतकरी. जमिनीचे काही तुकडे बिल्डरांना देऊन त्यानं रिह्यात फार्महाऊस बांधलेलं. तो थोड्या अंतरावर फोनवर बोलत होता आणि त्याचा विशी-बाविशीचा मुलगा दुसऱ्या गाडीत मान खाली घालून बसला होता.

पंचनामा केला. गाडीचं दार उघडलं तर आतला दिवा लागला नाही. तशी नोंद करून गाडी ठाण्याच्या आवारात आणली. ड्रायव्हरवर निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा दाखल झाला. कलम जामिनाचं. दुसऱ्या दिवशी तो सुटला. कोणालाही वाटेल, प्रकरण संपलं.

मला एक गोष्ट खटकत होती. हातून चूक झालेला माणूस आधी सबब सांगतो. तोच मधे आला, समोरच्याचा लाईट डोळ्यावर आला, ब्रेक लागला नाही. ह्या माणसानं एकही सबब सांगितली नव्हती. कबुली इतकी स्वच्छ मिळाली की पोलिसानं सावध व्हावं.

पुढं आमच्या हवालदारानं खबर आणली. डेअरीवर दूध घालायला येणारी एक म्हातारी म्हणत होती की ड्रायव्हर गाडीत नव्हताच. मी साध्या कपड्यात तिच्या घरी गेलो. ती अंगणात गवताचा भारा सोडत होती.

"मी बांधावर व्हते," ती म्हणाली. "गाडीत लख्ख उजेड व्हता. मालकाचं पोरगं चालवत व्हतं. बाजूचा दोस्त त्याच्याम्होरं मोबाईल धरून व्हता. दोघंबी हासत व्हते."

"आजी, चालत्या गाडीत आत उजेड कशाला असेल?"

"ते मला काय ठावं? व्हता म्हणून सांगतीया. त्या पोराला मी लहानपणापासनं बघतीया. मला वळखू येनार न्हाई व्हय?"

"आणि ड्रायव्हर?"

"त्यो मागनं आला. मालकानं त्याला दुसऱ्या गाडीतनं आनला."

जबाब चांगला होता, पण एकटा. खोऱ्यात मोबाईलचे टॉवर मोजके, त्यामुळे कोण कुठं होतं हे लोकेशनवरून ठरेना. मुलाचा मित्र वकिलाला घेऊनच आला आणि आपण त्या गाडीत नव्हतोच म्हणाला. शिवाय म्हातारीचं म्हणणं कोर्टात टिकणं अवघड होतं. संधिप्रकाशात, पळत्या गाडीतला चेहरा? गाडीचा आतला दिवा दार उघडल्यावर लागतो, आणि पंचनाम्यात तर तोही लागत नसल्याचं मीच लिहिलेलं.

अशा गुन्ह्यात गाडीची तपासणी मोटार वाहन निरीक्षक करतात. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे. ते आले तेव्हा मी त्यांना आतल्या दिव्याचंही बघायला सांगितलं. त्यांनी डॅशबोर्डखाली टॉर्च मारला आणि मला वाकायला लावलं. आत दोन काळ्या डब्या, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे रिले, बसवलेल्या होत्या. त्यातून नव्या वायरी थेट बॅटरीकडे गेल्या होत्या. एका रिलेनं दाराची आणि छतावरच्या बटणाची जोडणी तोडली होती. दुसऱ्यानं आतले सगळे दिवे स्टिअरिंगखालच्या एका स्वतंत्र बटणावर घेतले होते. बटण बाहेरून दिसत नव्हतं. चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ हात घातला की लागायचं.

त्यांनी ते दाबलं. छतापासून पायांपर्यंत पांढऱ्या दिव्यांच्या पट्ट्या लागल्या. दुकानाच्या शोकेससारखी गाडी उजळली.

"हे लावून गाडी चालवली तर काचेत स्वतःचं तोंड दिसेल, रस्ता नाही," निरीक्षक म्हणाले.

गाडी घटनास्थळावरूनच आमच्या ताब्यात आली होती, म्हणून हे काढून टाकायला कोणाला वेळ मिळाला नव्हता.

मी ड्रायव्हरला बोलावलं. खोलीत बसवून प्रश्न विचारले नाहीत. त्याला आवारात नेलं, गाडीत बसवलं, किल्ली दिली.

"ही गाडी तूच चालवतोस ना?"

"व्हय साहेब."

"आतला दिवा लाव."

त्यानं छतावरचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग मागचं दाबून पाहिलं.

"बल्ब गेला असेल साहेब."

मी खिडकीतून हात घालून खालचं बटण दाबलं. त्या उजेडात तो नुसता बसून राहिला. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.  चौकशीत गप्प बसणं फार उपयोगी पडतं.

"ही गाडी पोराची हाय," तो शेवटी म्हणाला. "मला हात लावू देत नव्हता. मी मालकाची जुनी चालवतो."

"मग अंगावर का घेतलंस?"

"खोली त्यांची. बायको त्यांच्याकडं स्वयंपाकाला. पोरीला शाळेत त्यांनीच घातलं. मालक म्हणले, जामीन लगेच होतो, नंतर नुसत्या तारखा. पोराचं लग्न ठरायचंय. आता तुम्हीच सांगा साहेब, नाही कसं म्हणायचं?"

हिंजवडीकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं ते काम केलं होतं. त्यानं जबाब दिला की मुलानं स्वतः बसून बटणाची जागा ठरवली. चालवताना व्हिडिओत चेहरा दिसावा म्हणून. मी मुलाला अटक केली आणि ड्रायव्हरला आरोपीऐवजी साक्षीदार केलं. मालक ठाण्यात आला. आवाज चढवला नाही.

"डायवरनं कबूल केलं हुतं, साहेब. गेलेला माणूस तर काय परत येनार न्हाई. तुमी उगं माझं आन त्याचं, दोन घरं मोडली."

मुलगा त्याच दुपारी जामिनावर बाहेर पडला. मी जास्त कडक कलम लावावं म्हणून प्रस्ताव पाठवला होता, तो परत आला. ड्रायव्हरला खोली सोडावी लागली. बायकोचं काम गेलं. म्हातारीच्या शेतात जायची वाट मालकाच्या जमिनीतून होती, तिथं तारेचं कुंपण आलं. तिनं जबाब बदलला नाही. लांबच्या वाटेनं डोक्यावर भारा घेऊन ती येत-जात राहिली, आणि खटला उभा राहायच्या आधीच वारली.

मृताचे वडील परभणीहून मुलाचं सामान न्यायला आले होते. शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. मी त्यांना तपास समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझा मुलगा त्याला दिसला नाही, की त्यानं पाहिलंच नाही?"

मी म्हणालो, "आत उजेड होता, गुरुजी. बाहेरचं दिसत नव्हतं."

त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलली. त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत मी गेलो.

मी निवृत्त झाल्यावर खटला सुरू झाला. साक्षीसाठी गेलो तर मालकाचा मुलगा, आता आरोपी, कोर्टाच्या दारात भेटला. लग्न झालेला, अंगानं भरलेला. "काका, तब्येत बरी ना?" म्हणाला, जणू गावातल्या जत्रेत भेटलो होतो. रिले, बटण, वायरी, मी सगळं सांगितलं. मग ड्रायव्हरचा पुकारा झाला. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला की त्या दिवशी गाडी तोच चालवत होता, जुना जबाब पोलिसांनी दमदाटी करून घेतला. सरकारी वकिलांनी त्याला कोर्टाकडून फितूर जाहीर करून घेतलं, उलटतपासणी घेतली. त्यानं शब्द बदलला नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळ आला.

"रागवू नका साहेब. मालकानं खोली परत दिली. तुम्ही रिटायर झालात, मला हितंच राहायचंय."

मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. नोकरीभर मी असं मानत आलो की खरं शोधून काढलं की आपलं काम झालं. ह्या प्रकरणानं शिकवलं ते असं, की आम्ही खरं शोधतो, कागदावर आणतो आणि आमची बदली होते. ते खरं ज्यांच्या तोंडून आलेलं असतं त्यांना मात्र त्याच गावात, त्याच माणसाच्या खोलीत झोपायचं असतं. त्यांना तिथून सोडवेल अशी एक ओळही कायद्यात मला सापडली नाही, आणि मी शोधून पाहिली.