स्टार्टर शोधताना अप्पा

माझे सासरे, म्हणजे अप्पा, तंजावरकडचे मराठी. सगळी नोकरी त्यांनी चेन्नईजवळच्या आवडी गावात, लष्करी गाड्यांच्या कारखान्यात केली. आमचं लग्न ठरलं तेव्हा सांगलीच्या आमच्या आत्याने ऐकलं की ते ‘आवडीच्या कारखान्यात’ होते, आणि ती म्हणाली, “बरं झालं, मनासारखी नोकरी मिळाली माणसाला.” गावाचं नाव आवडी आहे हे तिला पटवायला बराच वेळ गेला.

चेन्नईत वेलचेरीच्या आमच्या इमारतीत मात्र अप्पांचा फार मान. कुणाची स्कूटर अडली, कुणाचा पाण्याचा पंप घरघरला की लोक आधी अप्पांना विचारत. अप्पा शांतपणे बघत, मान हलवत आणि “मेकॅनिकास दाखवा” म्हणत. सल्ला नेहमी बरोबर निघे.

गेल्या वर्षी एका रविवारी आम्हाला शोळिंगनल्लूरला, सासूबाईंच्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं. नवरा कामासाठी पुण्याला गेलेला, म्हणून गाडी मी चालवणार होते. किल्ली फिरवली. इंजिनातून ‘टक्’ असा एक आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्.

अप्पांनी बॉनेट उघडलं. खालच्या मजल्यावरचे शेजारी आले, वॉचमन आला, दोघे जण दूध घेऊन वर चाललेले तेही थांबले. अप्पा खूप वेळ वाकून बघत होते. मी जवळ गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, “हे पाहा अम्मा, स्टार्टर मोटर कोठे असते, तुला ठाऊक आहे?”

“मला? अप्पा, तुम्ही कारखान्यात होतात ना?”

“पगार विभागात होतो. गाड्या दुरून पाहिल्या.”

मला हसू आवरेना. त्यांनाही आवरेना. पण पाठीमागे मंडळी उभी होती, तेव्हा दोघांनी तोंडं बॉनेटखाली घातली.

मी गाडीचं माहितीपुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून ते सरकारी परिपत्रक वाचावं तसं एकेक ओळ वाचू लागले. त्यातून एवढं कळलं की बॅटरीपासून निघालेली जाड तार धरून गेलं की स्टार्टर सापडतो. आम्ही एक जाड काळं काहीतरी धरून गेलो, ती निघाली पाण्याची नळी. मग पट्ट्यावर फिरणारा एक गोल डबा दिसला. “सापडला,” मी म्हणाले. अप्पांनी पुस्तक पुढे धरलं. तो अल्टरनेटर होता, बॅटरी चार्ज करणारा.

शेवटी बॅटरीवरच्या लाल टोपीखालून निघालेली खरी तार सापडली. ती खाली खाली जात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी पोचत होती. तिथे काळोखात, धुळीने माखलेलं लोटीएवढं काहीतरी बसलं होतं, वर आणखी एक छोटी नळकांडी. मोबाइलचा टॉर्च धरून अप्पांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू विहिरीला पाणी लागलं.

“आता बॅटरी गेली की मोटर, ते बघू,” ते म्हणाले. त्यांनी मला हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगितलं आणि स्वतः समोरच्या भिंतीवरचा उजेड बघत उभे राहिले.

टक्.

“दिवे मंद झाले नाहीत,” ते म्हणाले. “म्हणजे बॅटरीत बळ आहे. मोटरच हट्ट करते आहे.”

एवढ्यात सासूबाई जरीची साडी नेसून, हातात डबा घेऊन खाली आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “आपला मिक्सी तरी थापटल्यावाचून कधी फिरला? थापटून पाहा.”

पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं. तरी मी डिकीतून जॅकचा दांडा काढून दिला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हे अप्पांनी दोनदा विचारून घेतलं. मग बाही वर सारून, पट्ट्यांपासून हात दूर ठेवून, मोटरच्या अंगावर त्यांनी दांड्याने हलकेच टकटक केलं, दारावर करावं तसं. “आता,” ते म्हणाले. मी किल्ली फिरवली आणि इंजिन एकदम सुरू झालं.

दूध घेऊन थांबलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण तमिळमध्ये म्हणाला, “एवढे रणगाडे बनवलेला माणूस, त्याला ही गाडी काय!”

अप्पांनी हात पुसत खरं ते सांगितलं. “मी रणगाडे नाही केले. मी पगाराचे हिशेब करायचो.”

सगळे कौतुकाने हसले. “किती साधे आहेत बघा,” वॉचमन म्हणाला. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. अप्पा गाडीत येऊन बसले.

जेवणानंतर परत निघताना गाडी पुन्हा अडली. या वेळी अप्पांनी कुणाला विचारलं नाही. साडूंना बाजूला उभं केलं, दांडा घेतला, टकटक केली, आणि गाडी सुरू झाल्यावर साडूंना तार कुठून कुठे जाते तेही समजावून सांगितलं.

ठोकून किती दिवस निभणार, म्हणून सोमवारी आम्ही दोघं गॅरेजात गेलो. मेकॅनिकने मोटर काढून उघडली. आतले कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. ठोकल्यावर ते जरा सरकत आणि वीज पोचत असे. अप्पांनी स्टूल ओढून घेतलं आणि नवे ब्रश बसेपर्यंत मेकॅनिकला प्रश्न विचारत राहिले. त्यालाही बोलायला माणूस मिळाल्याचं बरं वाटलेलं दिसलं. त्याने आमच्यासाठी कॉफी मागवली.

घरी आल्यावर अप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सासूबाईंना ब्रश, वीज, फिरणं असं सगळं हातवारे करून सांगू लागले. सासूबाई डोसा उलटत ऐकत होत्या.

“सरि, बरं,” त्या म्हणाल्या, “ते ग्रीसचे हात धुवा आधी.”

ते धुवायला गेले आणि तिथूनही बोलतच राहिले.