सेतुराव सरांची बरणी

स्क्रीनवर एकामागून एक शिखरं उभी राहत होती आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून सेतुराव सर रडत होते. केमोनं केस गेलेले, शर्ट हँगरला अडकवल्यासारखा खांद्यांवर लोंबलेला.

"गिरिजा, ते ग्लायसिन ना? आणि पलीकडचं अ‍ॅलनिन?"

"वेळ जुळतेय सर. तसंच दिसतंय."

"दिसतंय काय म्हणतेस गे? आहे म्हण की!"

मी 'आहे' म्हटलं नाही. तंजावरच्या एका खासगी टेस्टिंग लॅबमध्ये मी अ‍ॅनालिस्ट आहे, आणि या कामात 'आहे' हा शब्द शेवटी वापरायचा असतो. आमच्याकडे येतं ते तांदूळ, हळद, तूप, बाटलीबंद पाणी. त्यात काय मिसळलंय ते एचपीएलसी नावाच्या मशीनवर काढायचं. मशीन सोपं आहे. बारीक नळीत भुकटी ठासून भरलेली असते, तिला कॉलम म्हणतात. सॅम्पलचं द्रावण तिच्यातून जोरानं ढकलायचं. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला दुसऱ्या टोकानं बाहेर पडतो आणि स्क्रीनवर एक शिखर काढतो. त्या दिवशी मशीनच्या दारावर नवरात्रातल्या सरस्वतीपूजेचं गंधकुंकू अजून तसंच होतं. आमच्याकडे पूजेला सगळ्याच यंत्रांना लावतात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

सरांनी मला कॉलेजात रसायन शिकवलं. तेही आमच्यासारखे तंजावरचे मराठी, मेल वीथीत, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्याला, घर. रिटायर झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत एक प्रयोग मांडला होता. भट्टीत भाजलेली माती काचेच्या बरणीत घालायची, वर साधी रसायनं, अमोनियासारखी. रोज शुद्ध पाणी ओतायचं आणि हॉटप्लेटवर सावकाश सुकवायचं. ओलं, सुकं, पुन्हा ओलं. पृथ्वीवर जीव नव्हता तेव्हा डबक्यांच्या काठी हेच चाललं असेल, आणि त्यातूनच जिवाच्या विटा, म्हणजे अमिनो अ‍ॅसिड, आपोआप बनल्या असतील, असं सरांचं म्हणणं. मोठमोठ्या लॅबमध्ये असले प्रयोग झालेत. सरांना ते आपल्या घरात हवं होतं.

कशाला, ते मला ठाऊक होतं. त्यांची मुलगी सुमती जन्मतः हृदयाचा दोष घेऊन आली आणि शाळेत जायच्या आधीच गेली. कमलाक्का, म्हणजे सरांची बायको, तेव्हापासून एकच धरून बसल्या होत्या. जीव कुणीतरी देतो, कुणीतरी नेतो. मागच्या जन्मी मी कुणाचं तरी लेकरू तोडलं असेल, म्हणून माझं नेलं. सर आयुष्यभर वाद घालत आले. जीव कुणी पाठवत नाही, तो रसायनांतून सुरू झाला, आणि रसायन चुकतं तेव्हा कुणाचा हात नसतो. अक्का ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा देवघरात जाऊन बसायच्या. आता डॉक्टरांनी सरांना फार वेळ दिला नव्हता. जायच्या आधी बायकोपुढे लॅबच्या रिपोर्टचा कागद ठेवायचा होता, एवढंच.

आमचा मॅनेजर बालाजी धावत आला. "मॅडम, जीव तयार झाला म्हणे? आपल्या लॅबमध्ये? प्रेसला कळवू?"

"जीव नाही रे. विटा. वीट मिळाली म्हणून घर होतं का?"

"विटाच लिहू. फोटो तरी काढतो."

"गप बस रे बाबा. ब्लँक कुठंय, सर?"

ब्लँक म्हणजे तशीच दुसरी बरणी, तीच माती, तेच पाणी, फक्त रसायनं घालायची नाहीत. तिच्यात काही निघता कामा नये. निघालं, तर ते बाहेरून आलंय.

सरांनी डोळे पुसले. "घरी आहे. आणायला विसरलो बघ. मी दवाखान्यात होतो तेवढे दिवस दोन्ही बरण्या कमलेनंच सांभाळल्या. एक दिवस चुकवला नाही तिनं."

ब्लँक येईपर्यंत मी दुसरा कॉलम लावला. ग्लायसिन सोडलं, तर चपलांच्या जोडासारखी अमिनो अ‍ॅसिडं डावी आणि उजवी अशा दोन घडणींत असतात. निर्जीव रसायनातून बनली तर दोन्ही जवळजवळ सारखी निघतात. सजीव मात्र आपल्या अंगात डावीच वापरतो. असं का, ते अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. आमचा कॉलम हा जोड वेगळा करून दाखवतो.

शिखरं आली. सगळी डावी. उजवीकडे सपाट रेघ.

सर स्क्रीनकडे सरकले. अर्थ सांगायची गरज नव्हती. हे सगळं मला त्यांनीच तर शिकवलं होतं.

"जिवंत कशातून तरी आलंय," ते म्हणाले. "घरी चल. ब्लँक तुझ्या हातानं घे."

बालाजीनं गाडी दिली.

मी मागच्या खोलीच्या दारात पोचले. हॉटप्लेटला गंधकुंकू. तराजूला गंधकुंकू. पंख्याच्या बटणाला, मिक्सरला, सरांच्या जुन्या सायकलला. दोन्ही बरण्यांच्या तर गळ्यालाही आणि आतल्या काठालाही, सुकून तडकलेलं. ब्लँकच्या मातीवर मल्लीचं, म्हणजे मोगऱ्याचं, एक फूल पडून काळं झालं होतं. तिच्यातलं सॅम्पल नेऊन नंतर मशीनवर लावलं तेव्हा त्यातही तीच शिखरं निघाली, पण मला ती बघायची गरजच उरली नव्हती. सरांनी हे डाग दवाखान्यातून आल्यापासून रोज पाहिले असतील. आमच्या घरांत पूजेनंतर असे डाग कुणाला दिसतच नाहीत.

कमलाक्का कॉफी घेऊन आल्या. माझं बघणं त्यांना कळलं असावं.

"सरस्वतीपूजेला सगळ्या आयुधांना लावते मी. यांच्या बरण्यांनीच काय पाप केलं होतं? वरचा कागद काढून आतही बोट फिरवलं. दुधात उगाळलं होतं गंध. फूल वाहिलं." मग हळूच म्हणाल्या, "यांचं काम होऊ दे म्हणून मागितलं गे. मी कधी मागत नाही यांच्या त्या कामासाठी. यंदा मागितलं."

मी कॉफी न पिताच खाली ठेवली.

"काय गे गिरिजा? चुकलं की काय माझं?"

त्यांचा चेहरा मी आधीही पाहिला होता. सुमतीचं नाव निघालं की असाच व्हायचा. मी सरांकडे पाहिलं. या माणसानं मला परीक्षेत एका चुकीच्या आकड्यावरून नापास केलं होतं, वर म्हणाले होते, रसायनात दयामाया नसते. मनात म्हटलं, आता हे बोलणार आणि ही बाई मरेपर्यंत हेही आपल्या डोक्यावर घेऊन फिरणार.

"तुझं कसं चुकेल?" सर म्हणाले. "भट्टीचा थर्मोस्टॅट गेलाय. माती कच्ची राहिली, जुने जंतू तसेच राहिले तिच्यात. मशीन आहे, बिघडतं. त्यात कुणाचा हात नाही."

"खरं ना?"

"विचार हिला. ही मशीनवाली आहे."

मी मान हलवली. त्या भट्टीचा थर्मोस्टॅट ठणठणीत होता.

"मग पुन्हा करा की," अक्का म्हणाल्या. "मी पाणी ओतेन रोज."

"करू," सर म्हणाले. दोन्ही बरण्या त्यांनी स्वतः धुतल्या. मी धरायला गेले तर हात झिडकारला.

बाहेर गाडीशी त्यांनी मला थांबवलं. "रिपोर्टात काय लिहिणार?"

"सॅम्पल दूषित. ठिकाण, नमुना ठेवल्याची खोली."

"कुणामुळे, असा रकाना आहे?"

"नाही सर."

"मग झालं." फाटकाला टेकून ते दम घेत राहिले. "मूर्ख म्हातारा आहे मी, गिरिजा. कागदानं तिला पटवायला निघालो होतो."

प्रयोग पुन्हा झालाच नाही. पोंगलच्या आधीच सर गेले. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कुणाचा, ते सांगता येत नाही.

तेराव्याला मी गेले होते. पंगत उठल्यावर कमलाक्कांनी मला मागच्या खोलीत नेलं. हॉटप्लेट अजून तिथंच होती. धुतलेल्या बरण्या पालथ्या घातलेल्या.

"एक विचारू? त्या भट्टीचं गे. खरंच कुणाचा हात नव्हता?"

"नव्हता, अक्का."

"नुसतं बिघडलं. आपलं आपण."

"होय."

त्या बरण्यांकडे बघत उभ्या राहिल्या. "त्या दिवसापासून मी तेच धरून बसलेय. हे इतकी वर्षं सांगत होते, मला कधी पटलं नाही. भट्टीचं पटलं. म्हणजे सुमतीचंही तसंच असेल का गे? नुसतं बिघडलं?"

"तसंच, अक्का," मी म्हटलं. "अगदी तसंच."

त्या खाली बसल्या आणि रडल्या. सुमतीसाठी असं रडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मी पाठीवर हात ठेवून बसले. बरणीच्या आतल्या काठावरून फिरलेलं त्यांचं ते बोट माझ्या गुडघ्याशीच होतं.

आता ब्लँकशिवाय आलेलं सॅम्पल मी घेत नाही, कितीही ओळखीच्या माणसानं आणलं तरी. बालाजी कुरकुरतो, गिऱ्हाइकं जातात म्हणतो. जाऊ देत. रिपोर्टात मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. तोंडानं बोलले, ते एकदाच, आणि ते मला शिकवलं सेतुराव सरांनी.