गाडीला विजेचा पंप बसवला तेव्हा

मी नगरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा थोरल्या भावाजवळ राहत होतो. भाऊ स्टेशन रोडच्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. गॅरेजच्या मागची पत्र्याची खोली उस्तादांनी, म्हणजे गॅरेजच्या मालकांनी, आम्हाला राहायला दिली होती. भाऊ सातवी करून तिसगावहून त्यांच्याकडे आला आणि त्यांच्याच हाताखाली तयार झाला. आमच्या घरात त्याआधी सातवीपर्यंतही कोणी गेलं नव्हतं. पुढे शिकवायचं कोणाला असा विषय घरात निघाला, तेव्हा 'धाकट्याला शिकवा' असं त्यानेच सांगून टाकलं. त्याला काय हवं होतं ते कोणी विचारलं नाही. आज मी जो काही आहे तो त्या एका वाक्यामुळे आहे.

ती सालं कोरडी होती. आई आणि अप्पा, म्हणजे आमचे वडील, गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. नगरलाही गॅरेजात गाड्या कमी येत. धान्याचे ट्रक आणि पाण्याचे टँकर तेवढे दुरुस्तीला लागत. अशा दिवसांत एक छोटी, दोन दारांची विलायती गाडी आमच्या दारात आली. शहरातल्या एका थेटरमालकाच्या मुलाची ती गाडी. त्याला मोटारींच्या शर्यतींचा नाद होता. मद्रासकडे जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे तो जायचा. भाऊ त्याला 'मालक' म्हणायचा, म्हणून मीही तसंच म्हणतो.

गाडीचं दुखणं असं होतं की सरळ रस्त्यावर जोरात पळायला लागली की इंजिन उपाशी पडायचं. दोन मोठे कार्ब्युरेटर बसवलेले, आणि त्यांना पेट्रोल पुरवणारा पंप मात्र मूळचाच, इंजिनावर चालणारा. तो थेंबथेंब देणार आणि वरचे दोघे घटाघटा पिणार. शिवाय मागची टाकी साध्या पत्र्याची. गाडी उलटली तर टाकी फुटून आग लागायची भीती. मालकाने लष्कराच्या लिलावातून एक वेगळीच टाकी आणली होती. बाहेर पत्र्याचा डबा आणि आत जाड रबराची पिशवी. डबा चेपला तरी पिशवी फुटत नाही म्हणे. नगरला छावणी असल्यामुळे लिलावात असल्या वस्तू निघत. विजेवर चालणारा मोठा पंप मात्र त्याने मुंबईहून आणवला होता.

"हे दोन्ही बसवून दे," मालक भावाला म्हणाला. "मद्रासलाही तूच यायचं माझ्याबरोबर. आणि गाडी नीट पळाली तर नागापूरला मी वर्कशॉप काढतोय, ते तू सांभाळायचं."

उस्ताद तिथेच होते. ते हसून म्हणाले, "ले जाव, ले जाव. आम्ही पोरगं वाढवायचं अन् तुम्ही जावई करून न्यायचं."

भाऊ बोनेट उघडून आत वाकला. दोन-तीन दिवसांनी हात धुता धुता मला म्हणाला, "नागापूरला जागा बघून आलो. शटर हाय. आन पाण्याचा नळ हाय." एवढंच. पण त्यानंतर तो झोपेतसुद्धा त्या गाडीचंच काम करत असावा. आमच्या गॅरेजाला तट्ट्याची भिंत होती आणि नाव उस्तादांचं होतं. भावाला स्वतःच्या हाताखालची जागा मिळणार होती. मी पास झालो की नोकरी शोधीन, तो वर्कशॉप चालवील आणि आईवडिलांना नगरला आणू, असा हिशेब आम्ही न बोलता मांडून ठेवला होता.

काम सोपं नव्हतं. डिकीचा तळ कापून भावाने लोखंडी पट्ट्यांचा पाळणा केला आणि त्यात डबा बसवला. पिशवी कित्येक दिवस घडी होऊन पडलेली, तिच्या चुण्या निघेनात. पिशवीच्या तोंडातून खांद्यापर्यंत हात घालून तो एकेक चुणी आतून सारखी करायचा. कोपराची कातडी सोलून निघाली. डब्याच्या कडांना पिशवी घासू नये म्हणून त्याने नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या चिकटवल्या. हवेची नळी गाडीच्या खाली सोडली. मी कॉलेजातून आलो की तो मला डिकीपाशी नेऊन दाखवायचा, एखाद्याने घरातलं तान्हं मूल दाखवावं तसं.

पंप कुठे लावायचा यावर थोडी बोलाचाली झाली. मालकाचं म्हणणं, टाकीच्या खाली लावावा, म्हणजे पेट्रोल आपोआप त्याच्यात उतरेल. भाऊ म्हणाला, "मालक, मद्रासच्या धावपट्टीवर ठीक हाय. पण तिथवर जायचं आपल्याच रस्त्यानं ना? खाली लावला तर पहिला दगडच त्याला घिऊन जाईल."

उस्तादांनीही मान डोलावली. आमच्याकडचे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना यात चूक दिसणार नाही. पंप टाकीच्या वर, डिकीच्या आतल्या बाजूला लागला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी नगरच्या कुठल्याही गॅरेजात नळीत हवा अडकली की मेकॅनिक नळीचं टोक तोंडात धरून पेट्रोल ओढायचा. जिभेला लागलं की थुंकायचं आणि नळी जोडून टाकायची. उस्ताद असंच शिकले होते आणि त्यांनी असंच शिकवलं. "पेट्रोलची चव कळल्याशिवाय मिस्त्री होत नाही," असं ते प्रत्येकाला ऐकवत. भावाला तर चवीवरून पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलंय की नाही ते कळायचं, आणि ट्रकवाले गंमत म्हणून त्याला चाखायला लावत. यात धोका आहे असं कोणालाच वाटत नसे. जुने पंप हळूहळू द्यायचे, तोंड काढायला भरपूर वेळ मिळायचा.

काम पुरं झालं त्या दिवशी दुपारी मी लवकर आलो होतो. मालक गाडीत बसला होता, उस्ताद बोनेटपाशी उभे होते. मालकाने चावी फिरवली. मागे पंप घुरघुरायला लागला, पण वर पेट्रोल येईना. टाकीच्या वर बसवल्यामुळे पंप कोरडाच फिरत होता.

"बंद करू का? जळेल तो," मालक म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या चालू. मी ओढून घेतो," भाऊ म्हणाला.

त्याने कार्ब्युरेटरपासची नळी सोडवली आणि तोंडात धरली. एकदा ओढलं. पुन्हा ओढलं. मग छाती भरून तिसऱ्यांदा ओढलं आणि त्याच वेळी पंपाने पेट्रोल पकडलं. त्या पंपाची धार नळाच्या धारेसारखी होती. ती थेट भावाच्या घशात गेली. तो गुडघ्यांवर बसला आणि नळी बोनेटखाली पेट्रोल उडवत राहिली. मालकाने चावी बंद केली तेव्हा कुठे सगळे हलले.

उस्तादांनी मिठाचं पाणी करून आणलं. त्याच्या पाठीवर हात फिरवत ते म्हणत होते, "ओक बेटा, ओक. सगळं बाहेर काढ." विष पोटात गेल्यावर जे करतात तेच त्यांनी केलं. भावाला उलट्या झाल्या. मग दूध दिलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण थोड्या वेळाने तो भिंतीला टेकून बसला आणि हसला.

"मालक," तो म्हणाला, "पंप लई चांगला हाय."

मग त्याने स्वतः उठून नळी जोडली, पट्टी आवळली. गाडी सुरू झाली आणि जरासुद्धा अडखळली नाही. मालक तिला औरंगाबाद रस्त्याने फिरवून आला. त्याचं तोंड आनंदाने फुललं होतं. भाऊही खूश होता. फक्त त्याचा खोकला थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याला ताप चढला आणि धाप लागायला लागली. आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. पेट्रोल फुप्फुसात गेलंय, ते म्हणाले. उलट्या कोणी करवल्या असं त्यांनी विचारलं. अशा वेळी उलटी करवायची नसते, वर आलेलं पेट्रोल पुन्हा छातीत उतरतं. उस्ताद माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. पुढे भाऊ दवाखान्यात असेपर्यंत ते रोज यायचे, पण खाटेजवळ येत नसत. डबा माझ्या हातात देऊन परत जायचे.

गाडी मद्रासला गेली. दुसरा मेकॅनिक बरोबर गेला. मालक परत आला तो थेट भावाकडे आला. गाडी पहिली आली नव्हती, पण एकदाही उपाशी पडली नाही, त्याने सांगितलं.

"पिशवी कुठं घासली का?" भावाने विचारलं.

"नाही. उघडून बघितली मी."

भावाने मान हलवली. अजून काही विचारायचं असावं, पण खोकल्याने त्याला बोलू दिलं नाही.

मी परीक्षेला बसलो. रात्री भावाजवळ उस्तादांच्या घरची माणसं बसायची आणि मला अभ्यासाला त्यांच्या माडीवर पाठवायची. मी पास झालो ते त्या घराच्या जिवावर. निकाल सांगितला तेव्हा भाऊ म्हणाला, "आता अप्पांना खडी फोडू देऊ नको."

नागापूरचं वर्कशॉप सुरू झालं. मालकाने शब्द पाळला, भावाची जागा त्याने कोणाला दिली नाही. बरं वाटतंय म्हणून भाऊ तिथे कामाला गेला. जरा वेळात तो बाहेर येऊन रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसला. आत पेट्रोलचा वास छातीत गेला की श्वास आखडायचा. दुसऱ्या दिवशी तोंडाला फडकं बांधून गेला. त्याच्या पुढच्या दिवशी मी त्याला सोडायला निघालो, तर तो जागचा उठला नाही.

"मालकाला सांग," तो म्हणाला, "दुसरा माणूस बघा म्हनावं. काम अडवून ठिऊ नये."

मी जाऊन सांगितलं.  मालक म्हणाला, "त्याला म्हणावं, तूच एखादा सुचव." भावाने सुचवला. त्याच्याच हाताखाली काही दिवस शिकलेला एक जण होता.

पुढे मला मिरजगावच्या शाळेत नोकरी लागली आणि भावाला मी बरोबर नेलं. आईवडील काही गाव सोडायला तयार झाले नाहीत. मी घेतलेली खोली हायवेला लागून होती. शाळेला जवळ आणि दारातच आड, म्हणून मी ती पसंत केली होती. दिवसभर ट्रक जायचे. भाऊ माझ्यासाठी भाकरी करायचा, दुपारी ओट्यावर बसायचा. कुठलीही गाडी चढ घेताना अडखळली की तो मान वर करायचा, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत त्याची मान खाली जायची नाही. धुराच्या दिवशी खोकला वाढायचा. मला वाटे, त्याला धुराचाच त्रास आहे.

एके दिवशी मी शाळेतून आलो तर तो ओट्यावर नव्हता. आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी चूळ भरून आलो तशी त्याने विचारलं, "आत गावात एखादं घर मिळंल का रं?"

"इथं धूर लागतो का?"

"धुराचं काय न्हाई," तो म्हणाला. "दिसभर गाड्या आयकू येत्यात."

मी त्याच आठवड्यात गावाच्या मधोमध, मारुतीच्या देवळामागे एक खोली बघितली. पाणी लांबून आणावं लागणार होतं आणि उजेडही कमी होता. सामान थोडंच होतं, ते मी एकट्यानेच हलवलं. भाऊ पुढे जाऊन त्या खोलीत बसला. शेवटची खेप घेऊन मी आत आलो तेव्हा त्याने दार लावून घ्यायला सांगितलं. बाहेर कोणाचा तरी बैल गळ्यातली घंटा वाजवत चालला होता, बाकी काही ऐकू येत नव्हतं.

"ही बरी हाय," भाऊ म्हणाला.