तानीबाईची बदामाची बिस्किटं

कंग्राळीत जयाबाईला सगळे मोकळ्या मनाची बाई म्हणतात, आणि तिलाही ते खोटं वाटत नाही. बेळगावात गेली की हॉटेलात डोसा खाते. कोणी केला, कोणी वाढला, विचारत नाही. "जातपात आता कोण पाळतंय," असं महिला मंडळात तीच आधी बोलते.

तानीबाईनं जयाबाईच्या रानात वीस वर्षं भांगलण केली, तण काढलं. आता तानीबाईची नात पारमिता बँकेत अधिकारी आहे. तिनं घरी ओव्हन आणला आणि आजीला हुरूप आला. एरवी बिस्किटांसाठी पीठ-तूप घेऊन गावातल्या बायका बेकरीच्या भट्टीवर रांग लावतात. तानीबाईनं घरातच बदामाची बिस्किटं भाजली आणि पहिलाच डबा जयाबाईकडे आणला. "आक्का, तुमीच पैली चव बगा," म्हणाली.

जयाबाई तोंडभर हसली. तानीबाई गेल्यावर तिनं एक बिस्कीट उचललंही. छान खरपूस वास येत होता. पण हात काही तोंडापर्यंत जाईना. आत्ताच जेवलेय, असं तिनं स्वतःला सांगितलं. संध्याकाळीही तेच सांगितलं. मग सगळी बिस्किटं म्हशीच्या आंबोणात गेली. डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात भुईमुगाच्या शेंगा मात्र आठवणीनं भरल्या. रीतीभातीला बाई पक्की.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानीबाई लगबगीनं आली, हातात आणखी एक डबा. ती काही बोलायच्या आत जयाबाईच सुरू झाली.

"तानी, लई ग्वाड झाल्ती गं बिस्किटं. मी एकटीनंच संपवली बग."

तानीबाई तिच्याकडे बघत राहिली.

"ग्वाड झाल्ती?"

"व्हय की. तोंडात टाकली की इरघळत्यात."

"आक्का, दळल्याली साखर मिक्सरच्या भांड्यातच ऱ्हायलीती," तानीबाई हळू आवाजात म्हणाली. "भांडी घासताना कळलं. आमच्यात कुनाला बी घास उतरला न्हाय. टाकून द्या म्हणून सांगाय आलते."

जयाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं पकडलं गेलं याची लाज होतीच. पण समोरची बाई रागावलीही नव्हती, तिला नवल वाटलेलंच दिसत नव्हतं, त्याची लाज फार मोठी होती. इतकी वर्षं तानीबाई आपल्याला ओळखून होती, आणि आपण मात्र स्वतःला मोकळ्या मनाची समजत होतो.

"त्यो दुसरा डबा..." ती कशीबशी म्हणाली.

"ह्यो? ह्यो फुडं एका घरी द्यायचा हाय," तानीबाई म्हणाली. शेंगांचा डबा तिनं घेतला, "येते आक्का" म्हटलं आणि निघाली.

त्या गल्लीत तानीबाईचं जाणं-येणं असलेलं दुसरं घर नव्हतं. जयाबाई दारात उभी राहून बघत होती. गल्ली संपेपर्यंत तानीबाई कुठल्याच दारात थांबली नाही.