बाबांच्या चपलेची कड

कोराडीच्या वीज केंद्रात मी स्टोअरकीपर होतो. नट-बोल्टपासून बेअरिंगपर्यंत सगळ्याच्या याद्या करण्यात दिवस जायचा आणि घरी आल्यावरही हाताची सवय सुटायची नाही. क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात बसून चामड्याची लहानसहान कामं करायची, हा माझा छंद. ट्रान्झिस्टरचं कव्हर, चष्म्याची घरं, एका इंजिनिअर साहेबांच्या कॅमेऱ्याची पिशवी. मी व्हरांड्यात बसलो की बाबा उठून पुढच्या दाराशी जाऊन बसायचे.

कारण मला ठाऊक होतं. गावाकडे आमच्या घरात चामड्याचंच काम होतं. नागपुरात दीक्षा घेतली त्या वर्षी बाबांनी रापी, आरी, सगळी हत्यारं नाल्यात टाकली, गाव सोडलं आणि मिलमध्ये लागले. त्यानंतर चामड्याला हात लावला नाही. माझ्या छंदाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही आणि कधी बरंही म्हटलं नाही.

मग त्यांना साखरेचा आजार निघाला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला चपलेचा पट्टा उजव्या अंगठ्याला घासला, जखम झाली आणि ती भरेना. धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावलं, पायात घासणारं काही नको, नाहीतर अंगठा जाईल. बूट बाबांना सहन होत नव्हते. बाजारातल्या चपला पाहिल्या, तर सगळ्या पट्ट्यांच्या कडा कापून तशाच सोडलेल्या, बोट फिरवलं की धारेसारख्या लागायच्या. मी ठरवलं, पट्टे आपण करू आणि कडा आपणच घोटू.

लगेच यादी केली. कोपरा छिलायला हत्यार, घासायला पॉलिश पेपर, चामड्याचे सुटे तंतू बसवायला चिकट काहीतरी, घोटायला गुळगुळीत लाकूड. कोपरा छिलायचं विलायती हत्यार मी साहेबांच्या एका मासिकात पाहिलं होतं. सीताबर्डीचा दुकानदार म्हणाला, कानपूरहून मागवून देतो. त्यानं किंमत सांगितली आणि मी ती ओळ तिथेच खोडली. मग छत्रीच्या काडीकडे लक्ष गेलं. ती पन्हळीसारखी असते. टोक कानशीनं तिरपं घासून धार दिली की तीच पन्हळ चामड्याचा कोपरा अलगद उचलते. घरात मोडकी छत्री नव्हती, म्हणून चांगली मोडली.

"आता पावसाळ्यात ती यादीच डोक्यावर धरून जाजा ड्यूटीवर," बायको म्हणाली.

घोटायला कानशीची जुनी सागवानी मूठ घेतली आणि तिला पट्ट्याच्या जाडीची खाच पाडली. चिकटवायला आधी डिंक लावला; तो वाळून तडकला आणि कड पहिल्याहून वाईट झाली. नंतर चिंचोक्याची खळ लावली, ती बसली. वरून मेणबत्तीचं मेण चोळलं, त्याचे पापुद्रे सुटले. मग एका ओळखीच्याकडून मधाच्या पोळ्याचं मेण आणलं. यातच तीन आठवडे गेले.

प्रत्येक पट्टा झाला की तो चपलेला लावून बाबांच्या पायात चढवायचा, अंगणात दोन फेऱ्या मारायला लावायच्या आणि विचारायचं.

"टोचते का, बाबा?"

"नाही टोचत. बरं हाय."

मी वहीत बरोबरची खूण करायचो. डिंकाचा पट्टा, टोचत नाही. खळीचा पट्टा, टोचत नाही. पापुद्रे सुटलेला पट्टा, तोही टोचत नाही. स्टोअरमध्ये दहा वेगवेगळ्या नगांचं वजन एकसारखं आलं असतं, तर मी आधी काटा तपासला असता. इथे ते सुचलं नाही.

जखम रुंद झाली, तेव्हा पुन्हा धंतोली गाठली. डॉक्टरांनी बाबांना छताकडे पाहायला सांगितलं. आधी कापसानं, मग टाचणीनं अंगठा, बोटं, तळवा असं सगळीकडे टोचून पाहिलं. बाबा छताकडेच पाहत होते. शेवटी म्हणाले, "सुरू तर करा साहेब, मी वाटच पाहून राहिलो."

परतीच्या बसमध्ये वही माझ्या मांडीवर होती. त्यातली एकही खूण खरी नव्हती.

पायाला कळत नसेल तर हाताला कळेल, असा मी विचार केला. माझी स्वतःची बोटं कानशीनं आणि मेणानं बधीर झाली होती. बाबांच्या बोटांनी तर आधी अशा कडा घोटल्या होत्या आणि नंतर वर्षानुवर्षं मिलमध्ये सुतातल्या गाठी शोधल्या होत्या. त्यांच्याहून चांगलं कोण सांगणार? मी नवा पट्टा त्यांच्यापुढे धरला आणि फक्त दोन बोटं फिरवायला सांगितलं.

त्यांनी हात मांडीवर ओढून घेतला. "पायात घाल म्हणशीन तर घालतो. हातात नको देऊ."

मी समजावलं, की हे काम नाही, नुसतं हो किंवा नाही सांगायचं आहे. ते म्हणाले, गावातही कोणी पुरं काम सांगत नसे, सगळे एवढंच कर म्हणत. मी पट्टा मागे घेतला. बायकोनं मलमलीचा रुमाल कडेवरून ओढून पाहिला, धागा कुठे अडला नाही. मी ओठावर फिरवून पाहिला. कड गुळगुळीत होती, की ती तशी असावी असं मला वाटत होतं, हे काही केल्या ठरेना. दुसऱ्या दिवशी तोच पट्टा मी त्यांच्या पायात घातला.

जूनमध्ये अंगठा काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात बाबा उशीला टेकून बसले होते. मी विचारलं, माझ्या कडा कशा होत्या, ते नुसतं पाहून त्यांना कळत होतं का.

"दिसत होतं. पह्यल्या दिवशीच."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू हे काम शिकला असता गा."

ते रागात नव्हते. शाळेच्या दिवसांत माझ्या अभ्यासाबद्दल बोलायचे, त्याच आवाजात बोलले. तेवढ्यात नर्स आली आणि पाय उंच ठेवायचाय, उशीवर घ्या म्हणाली. मी दोन्ही हातांनी तो उचलला आणि उशीवर ठेवला. कुठे दुखतंय का, हे मी विचारलं नाही.