अकरा मिनिटांची तुरपाई

मला नको तिथे नाक खुपसायची खोड आहे, असं आईचं माझ्याबद्दल ठाम मत आहे. हैदराबादेत, काचीगुड्याच्या आमच्या घरी गॅसची शेगडी दुरुस्त करायला माणूस आला की मी त्याच्या शेजारी बैठक मारायचे आणि हे काय, ते कशाला, असं विचारून त्याला भंडावून सोडायचे. त्यामुळे एमबीएच्या दुसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीनं जेव्हा सांगितलं की चार-चार जणांचा गट करा, एखाद्या खऱ्याखुऱ्या संस्थेत जा, तिचं काम कसं चालतं ते बघा आणि काय सुधारता येईल ते लिहून द्या, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांचे चेहरे उतरले आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचे चक्क मार्क मिळणार होते. तेही पन्नास.

आमच्या वाट्याला शाळेचे युनिफॉर्म शिवणारा एक कारखाना आला. दुकान आबिड्सला, शिलाई कुकटपल्लीला. कारखाना म्हणजे एका गोदामाच्या वरचा लांबलचक हॉल, त्यात दोन ओळींत शिलाई मशीनं, एका टोकाला कटिंगचं मोठं टेबल आणि दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, एक बुटकं टेबल. आम्ही गेलो ते दिवस एप्रिलचे. जूनमध्ये शाळा उघडायच्या, म्हणजे कारखान्याचा ऐन हंगाम. मालक साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना थांबवून सांगितलं की ही मुलं कॉलेजातून आली आहेत, त्यांच्या परीक्षेचं काम आहे, तर जे विचारतील ते सांगा आणि काम नीट करून दाखवा. आम्हीही मानेनं हो हो केलं. त्या एका वाक्यानं पुढे काय घोळ होणार आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

आमच्या गटाचा लीडर वारंगलकडचा, अतिशय शिस्तीचा मुलगा. त्यानं काम वाटून दिलं. दोघांनी कटिंग आणि मशीनं बघायची, त्यानं स्वतः माल कसा येतो-जातो ते बघायचं, आणि मी खिडकीखालचं बुटकं टेबल. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो तो मोबाइलवर मोजायचा, तीन दिवस, दिवसाला पाच वेळा, आणि सरासरी काढायची.

बुटक्या टेबलावर एक बाई स्कर्टची तुरपाई करत. म्हणजे स्कर्टची खालची कड आत दुमडून हातानं टाके घालायचे. वय पंचावन्नच्या आसपास, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, पाय पुढे पसरून बसायच्या. बावीस वर्षं त्या तेच काम करत होत्या. मी आईशी फोनवर मराठीत बोलले ते त्यांनी ऐकलं आणि मान वर न करता विचारलं, आपल्यातलीच का गं तू? त्यांचे वडील बीदरकडचे शेतकरी, लग्न होऊन त्या हैदराबादला आल्या. त्यांच्या मराठीत मधेच तेलुगू यायचं, मधेच दखनी, आणि कशातच अडखळायच्या नाहीत. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. बाकी सगळा हॉल त्यांना अम्मा म्हणायचा.

मला पहिलाच प्रश्न पडला तो असा की सगळं मशीनवर होतं, मग एवढीच कड हातानं का? मावशींनी एक जुना स्कर्ट उलटा करून दाखवला. आत चांगली चार बोटं दुमड होती. पोर वर्षाला वाढतं, कापड काही वाढत नाही, म्हणून ती दुमड पुढच्या वर्षी सोडायची. मशीनची शिलाई उसवली की भोकांची रांग राहते. हातटाका आईनं घरी बसल्या बसल्या ओढला की निघतो आणि कापडावर खूणही उरत नाही. शिवाय त्या शेवटची गाठ नेहमी डाव्या बाजूच्या शिवणीपाशीच मारायच्या, म्हणजे उसवणाऱ्या आईला शोधत बसायला नको. कुठल्या आईला हे ठाऊक असेल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकीला सापडलं की ती शेजारणीला सांगते. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. लीडरनं वाचलं आणि म्हणाला, छान आहे, पण वेळ किती?

वेळ मोजला होता. पंधरा स्कर्ट, सरासरी अकरा मिनिटं. मावशींचं काम बघत राहावं असं होतं. एकसारखे टाके, मधेच थांबून कड बोटानं दाबून बघायच्या, एखादा टाका मनासारखा नसला तर काढून पुन्हा घालायच्या. मी हरखून बघत बसायचे आणि मोबाइल मिनिटं मोजत राहायचा.

तक्त्यात मात्र ती अकरा मिनिटं भयंकर दिसली. बाकी सगळी कामं दोन-तीन मिनिटांची आणि तुरपाईचा खांब ताडासारखा वर गेलेला. लीडरनं मधला अहवाल मालकांना पाठवला. त्यात सगळ्यात वर आमची शिफारस: हाताची तुरपाई बंद करा, मशीन आणा. खरं सांगते, त्यावर माझीही सही होती. मला वाईट वाटत होतं, पण आकडा आकडा असतो असं मी स्वतःला बजावत होते. आमच्या त्या तक्त्याला कुणी इतक्या गांभीर्यानं घेईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. मालकांनी घेतलं. आठ दिवसांत मशीनवाल्याचा माणूस येऊन जागा बघून गेला. जागा कुठली, तर खिडकीखालची. मशीनसोबत ते चालवणारी मुलगी येणार होती. मावशींनी बावीस वर्षांत मशीनला हात लावला नव्हता आणि हंगाम सरल्यावर त्यांना द्यायला दुसरं काम नव्हतं, हे मालकांनीच लीडरला सांगितलं.

मी पुन्हा तिथे गेले ती एका फुटकळ आकड्यासाठी. दिवसाचे एकूण नग किती, हा रकाना रिकामा राहिला होता. संध्याकाळी साडेपाचला मावशींच्या शेजारचा ढीग मोजला. ब्याण्णव. मला वाटलं चुकलं, पुन्हा मोजला. ब्याण्णवच. अकरा मिनिटांना एक म्हटलं तर दिवसभरात चाळीसच्या वर जायलाच नको. माझं डोकं चक्रावलं. दुसरं कुणी हात लावतं का, असं मी शेजारच्या मशीनवरच्या बाईला विचारलं. ती हसून म्हणाली, अम्मा हात लावू देईल होय कुणाला!

मग मी मावशींनाच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हिला कॉलेजात घेतलं तरी कुणी.

"तुमची परीक्षा आहे म्हणून सांगितलं ना मालकांनी? मग मी काय झटाझट उरकून दाखवू? मास्तर बघणार, मार्क देणार. तुम्ही समोर बसलात की मी आरामात, साफ टाका घालायची."

मी कपाळावर हात मारला. या बाईला वाटत होतं की आमचे मार्क तिच्या टाक्यांवर अवलंबून आहेत. आम्ही तिचा वेळ मोजत होतो आणि ती आमच्यासाठी जीव ओतून, सावकाश, सुंदर शिवत होती. आम्ही पाठ फिरवली की पाच मिनिटांत स्कर्ट बाजूला. मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं, त्या अकरा मिनिटांमुळेच मशीन येतंय हेही सांगितलं. आधी त्या हसल्या. मग सुईत दोरा ओवत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं की आता आकडा बदलला तर आम्ही नापास होऊ का. मी म्हटलं, नापास नाही कदाचित, पण मार्क जातील. तेव्हा म्हणाल्या, नको मग. त्यांच्या मुलीचा डिग्रीचा एकच पेपर राहिला होता, दोनदा दिला, तिसऱ्यांदा द्यायच्या आत लग्न झालं, आणि एका पेपरापायी सगळंच राहिलं. हे त्यांनी मला शिवता शिवता सांगितलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणाचा ते कळत नव्हतं.

त्या ब्याण्णवच्या ढिगाचं मी गटात सांगितलं आणि कडाक्याचं भांडण झालं. बाकीचे दोघं म्हणाले, बहुमतानं ठरवा. लीडरचं म्हणणं, पद्धत सरांनीच मंजूर केली होती, मोजमाप आपण प्रामाणिकपणे केलं, आता ऐन वेळी चूक कबूल केली तर चौघांचे मार्क जातील. मी म्हटलं, मार्क गेले खड्ड्यात. तो म्हणाला, खड्ड्यात फक्त तुझे जाणार नाहीत. त्यात तथ्य होतं, म्हणून मला जास्तच चीड आली. शेवटी मी जाहीर केलं की तुम्ही काहीही दाखवा, मी उभी राहून खरं सांगणार.

शेवटचं सादरीकरण कारखान्यातच होतं. आमचे सर आले होते. हॉलच्या कोपऱ्यात खुर्च्या मांडल्या, चहा आला. तुरपाईचा तक्ता आला तशी मी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं की हा आकडा चूक आहे, खरा वेळ पाच मिनिटं आहे आणि चूक आमची आहे. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुरावा काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांनाच विचारा. मालकांनी मावशींना हाक मारली.

मावशी पदर सावरत आल्या. त्यांनी आधी सरांकडे पाहिलं, मग आमच्या चौघांच्या चेहऱ्यांकडे.

"कित्ता टाइम लगता अम्मा, एक स्कर्ट कू?" सरांनी विचारलं.

"ग्यारा मिनट, साब. बच्चे बराबर लिखे."

पापणीही न हलवता. माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी म्हटलं, मावशी, असं काय करता, खरं सांगा ना. त्या माझ्याकडे बघेनात. सर म्हणाले, ठीक आहे, एक करून दाखवू दे. मावशी बसल्या, स्कर्ट मांडीवर घेतला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पहिला टाका घातला.

ती अकरा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. चहावर साय धरली. मावशी टाका घालत, कड दाबून बघत, मान तिरकी करून घड्याळ बघत, एक टाका काढत, पुन्हा घालत. बाकीच्या बायकांनी मशीनं थांबवली होती. सगळ्यांना कळत होतं की ही बाई स्वतःच्या हातानं स्वतःची जागा सोडतेय, आणि तीही आम्हा चौघांच्या पन्नास मार्कांसाठी. डाव्या शिवणीपाशी गाठ मारून त्यांनी दोरा तोडला तेव्हा बरोबर अकरा मिनिटं झाली होती.

तेवढ्यात लीडर उठला. माझ्याशी चार दिवस न बोललेला लीडर. तो खिडकीपाशी गेला, सकाळपासूनचा ढीग दोन्ही हातांत उचलला आणि सरांच्या समोर आणून ठेवला. मग तेलुगूत एकेक मोजायला लागला. मालकही पुढे झाले. साडेनवाला काम सुरू झालेलं, आता साडेबारा. पस्तीस स्कर्ट भरले; अकरा मिनिटांना एक म्हटलं तर सोळाच झाले असते.

मालकांनी मावशींकडे बराच वेळ पाहिलं. बावीस वर्षांत हिला इतकं सावकाश शिवताना मी आज पहिल्यांदा बघतोय, असं ते सरांना म्हणाले. मग मोबाइल काढून मशीनवाल्याला नको म्हणून सांगितलं. मावशी चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या.

आमचे मार्क कापले गेले, चांगलेच. वर्गात आमचा गट खालून दुसरा आला. सरांनी शेरा लिहिला की मोजणाऱ्याच्या समोर माणूस वेगळं वागतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. शेरा बरोबर होता, माझी काही तक्रार नाही.

निकाल लागल्यावर मी कुकटपल्लीला गेले. मावशी खिडकीखाली, पाय पसरून, शेजारी ढीग. मला बघताच पहिला प्रश्न तोच, मार्क किती कापले?

"काही नाही कापले, मावशी. पहिले आलो आम्ही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हात थांबला नव्हता.

"खोटं बोलता येत नाही गं तुला," त्या म्हणाल्या. "इतके दिवस माझ्याजवळ बसलीस, तेवढं तरी शिकून घ्यायचं होतंस."